स्मरणचित्राचा पेपर आणि आईचा पाटा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हौशी चित्रकारांविषयी जो पत्रव्यवहार चालू आहे, त्यात एका वाचकाने असे मत मांडले आहे की, आधी तंत्र शिकावे, हात बसवावा आणि मगच दुःखासारख्या विषयाच्या वाटेला जावे. एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवताना मीही मुलांना हेच सांगत आले. त्यामुळे या मताला हरकत घेण्याचा अधिकार मला इतरांपेक्षा थोडा अधिक असावा.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत ‘स्मरणचित्र’ हा विषय असतो. भाजीबाजार, पावसाळ्यातला बसथांबा, गणपती विसर्जन असे ठरलेले प्रसंग, पुढे दोन-तीन मोठ्या मानवाकृती आणि मागे लहान होत जाणाऱ्या इमारती, ही मांडणी मी शेकडो मुलांकडून घोटून घेतली असेल. आई गेल्यावर मात्र तिचे एकही स्मरणचित्र मला साधेना. चेहरा तंतोतंत उतरे, नाकातली चमकीसुद्धा जागच्या जागी येई, आणि तरीही कागदावरची बाई परीक्षेच्या पेपरातल्या भाजीवालीसारखी दिसे.

आमची खोली लालबागच्या एका चाळीत होती. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, होते आणि आई खाणावळ चालवीत असे. बायकामुले कोकणात ठेवून आलेले दहा-बारा कामगार आपापल्या पाळीप्रमाणे आमच्याकडे जेवायला येत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांतच त्यांतले बहुतेक जण उधारीच्या वहीत नाव ठेवून गावी निघून गेले. ती वही आईने अखेरपर्यंत जपली. वसुलीसाठी नाही, असे ती म्हणे; मला ते कधी पटले नाही.

चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा मी तिथून आईचा पाटा उचलून आणला. त्याच्या कडांना, पाटे टाकून देणाऱ्या टाकीवालीने पाडलेले छिन्नीचे खड्डे अजून शाबूत आहेत. मधला भाग मात्र वरवंट्याखाली झिजून गुळगुळीत आणि खोलगट झाला आहे. शिलालेखावर ओला कागद थापून आणि वर शाईची पुरचुंडी फिरवून अभ्यासक ठसा घेतात, तसा या पाट्याचा ठसा घ्यावा, असे मनात आले. यात नवे काही शोधल्याचा माझा दावा नाही. मॅक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ मध्येच जमिनीच्या लाकडी फळ्यांवर कागद ठेवून त्यांच्या शिरा घासून उठवल्या होत्या. माझे पहिले सहा-सात ठसे तर सरळ वाया गेले. पुरचुंडी मऊ असल्यामुळे ती खळग्यात उतरे आणि मधला भाग गच्च काळा होई, म्हणजे जिथे आईचा हात सर्वांत अधिक फिरला, नेमके तिथेच काही वाचता येत नसे.

मग आईचीच एक धुऊन धुऊन विरलेली सुती साडी लाकडी चौकटीवर ताणून पाट्यावर ठेवली आणि पुरचुंडीऐवजी मेणाची सपाट, कडक वडी घेतली. ताणलेले कापड खळग्यात उतरत नाही आणि वडीही वाकत नाही. त्यामुळे काठाच्या काळ्या पट्ट्यात छिन्नीच्या खड्ड्यांचे पांढरे ठिपके उमटले आणि मधोमध एक लांबट, कोरा आकार राहिला. बारा माणसांचे दोन वेळचे वाटण त्या कोऱ्या जागेत होते. चेहऱ्याच्या चित्राने जे दिले नाही ते मला तिथे मिळाले.

वडीची कृती घरच्या काजळाचीच आहे. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे ताम्हण पालथे धरून काजळी जमवायची आणि मधमाश्यांच्या वितळलेल्या मेणात ती कालवायची. नुसत्या मेणाची वडी मुंबईच्या मे महिन्यात हाताला चिकटते, म्हणून थोडी राळ घालावी लागते. राळ वाजवीपेक्षा अधिक झाली तर वडी ठिसूळ होऊन विरलेले कापड ओरखडते. पावसाळ्यात काम बंदच ठेवावे लागते, कारण दमट कापडावर मेण नीट धरत नाही.

आता हात बसवण्याविषयी. बंगालचे चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांचा हात तर बसलेलाच होता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी भुकेल्या माणसांची रेखाटने केली होती. तरीही १९७० च्या दशकात ती आठवण मांडताना त्यांनी माती-मेणाच्या थरावर सुरीने आणि तापल्या सळईने घाव घातले, त्यावरून सिमेंटचा साचा केला आणि त्यात कागदाचा लगदा दाबून पांढऱ्यावर पांढरे ठसे काढले. त्या मालिकेला त्यांनी नाव दिले ‘जखमा’. एवढ्या तयारीच्या कलावंतालाही त्या आठवणीसाठी निराळी रीत घडवावी लागली, याचा विचार पत्रलेखकाने अवश्य करावा.

माझ्या हातून एक गोष्ट मात्र हुकली. खोलीचा ताबा देण्याच्या धांदलीत उंबरठ्याचा ठसा घ्यायचा राहिला. चौथ्या दिवशी कापड घेऊन गेले, तर दारांच्या चौकटी उखडून टेम्पोत चढवलेल्या होत्या आणि ‘लाकूड भंगारात गेलं, बाई,’ एवढेच मुकादमाने सांगितले. मुंबईतल्या बीडीडी या जुन्या सरकारी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्या जाऊन आता ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत, याचा मला आनंदच आहे. संडासाच्या रांगेत आयुष्य काढलेल्यांपुढे चाळीचे गोडवे कोणी गाऊ नयेत. माझे मागणे एवढेच आहे की, ज्या ज्या चाळी पाडल्या जाणार आहेत, तिथे चावी दिल्यानंतर आणि पहिली चौकट उखडण्यापूर्वी रहिवाशांना असे ठसे घेण्यासाठी एक रविवार आत जाऊ द्यावे. माझ्या परिसरातल्या एखाद्या चाळ समितीने हे मनावर घेतले, तर मेणाच्या वड्या आणि कापड ताणायच्या चौकटी घेऊन मी स्वतः येईन. कापड मात्र ज्याचे त्याने आपल्या घरातले, वापरलेले आणावे.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, लालबाग, मुंबई