उच्चाराला हसण्याआधी

महोदय,

कुणी ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणालं की हशा पिकतो. पण शब्दाच्या सुरुवातीला ‘स्क’ म्हणायची सवय नसलेली जीभ आधी स्वराचा टेकू घेणारच. स्पॅनिश बोलणारे तिथे ‘ए’ लावतात. जपानी माणसाचा र-लचा घोळ तर बराचसा कानाचा असतो. सहा महिन्यांचं बाळ परक्या भाषेतले असे भेदही टिपतं, वर्षाचं होईतो ही क्षमता ओसरू लागते. आपल्याकडेही ‘चहा’तला च वेगळा, ‘चमचा’तला वेगळा. अक्षर मात्र एकच! मराठी शिकणारा तिथे हमखास अडखळतो. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’. म्हणजे तो गबाळेपणा नव्हे, नियम आहे.

नवा हेल कानावर पडला की मिनिटभर मध्ये न बोलता ऐकावं. बहुतेकदा तेवढ्यात कान सरावतो. नाहीच कळलं, तर नुसतं ‘काय?’ विचारू नये. समोरचा तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणतो, कळत काहीच नाही. अडलेला शब्दच विचारावा: ‘किती वाजता म्हणालात?’ आणि त्याचा हेल त्याच्यासमोर उचलून बोलणं? ती नक्कलच वाटते.

– एक वाचक