राजीनामा एवढ्यात देऊ नकोस

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून परदेशात शिकायला जायचं म्हणतेस, म्हणून केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची नियमावली वाचली. वर्षाला १२५ जागा. ११५ अनुसूचित जातींसाठी, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांसाठी, आणि आपल्या भटक्या-विमुक्तांना अख्ख्या देशातून ६. सहा! आपल्या भावकीतच पदवीधर पोरं याहून जास्त निघतील.

पण मला जास्त लागली ती विषयाची अट. २०२२ पासून भारताची संस्कृती, इतिहास, समाज यांवरच्या संशोधनाला हा पैसा मिळत नाही. अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणाऱ्या ज्या गुन्हेगार जमाती कायद्यापायी तुझे पणजोबा चौकीत हजेरी लावत, त्या १८७१ पासून चालत आलेल्या कायद्याचे कागद लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि ते वाचायला पणतीला आपल्या केंद्र सरकारच्या खर्चाने जाता येत नाही. कुणी म्हणेल, विषयाचं नाव फिरवून अर्ज टाक. तसलं करू नकोस. मधेच हरकत निघाली तर तिकडे परक्या मुलखात अडकशील.

जातीच्या कागदांची काळजी नको. पडताळणीच्या वेळी काय झालं ते आठवतंय ना? २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा हवा, म्हणून टेबलावरचा कारकून आजोबांचा शाळेचा दाखला मागत बसला. पालं ठोकत फिरणाऱ्या माणसाला कसली शाळा! शेवटी चुलत आजोबांच्या जन्माची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, सापडली, त्या नकलेवर काम भागलं. ज्यांच्या घरात तेवढीही नोंद नाही, त्यांची पोरं अर्जापर्यंतसुद्धा पोचत नाहीत. ती कुठल्याच यादीत दिसत नाहीत, मग 'पात्र उमेदवार मिळत नाहीत' म्हणायला सगळे मोकळे.

निवड झाली म्हणजे सुटलो असंही नाही. २०२५ साली १०६ जण निवडले, पण पत्रं आधी ४० जणांनाच गेली. बाकी ६६ जणांना सांगितलं, निधी असेल तर बघू. यादीत नाव लागलं म्हणून कुणी नोकरी सोडली असेल, तर त्याने काय करायचं?

म्हणून तू सोडू नकोस. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती बघ. एक वर्षाच्या मास्टर्सला मिळते, विषयाची अशी आडकाठी नाही, अर्जाला फी नाही. मात्र २,८०० तास कामाचा अनुभव लागतो, तेव्हा तुझी ही नोकरी तिथे मोजली जाईल. ज्यांनी तो कायदा केला त्यांच्याच पैशाने तो वाचायला जायचं, हे मला थोडं खटकतं. पण जा.

विद्यापीठाला इंग्रजीच्या परीक्षेचे गुण लागतीलच. तिची फी मी पतसंस्थेतून उचलतो, तारीख कळव.

तुझे,
अण्णा