भाई, आमची गर्दी तुम्ही बोलती केलीत

आदरणीय भाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी आणून दिलं असतं तर तुम्ही ते न उघडताच खिशात घातलं असतंत आणि 'च्या घेता मरे?' म्हणून विषय संपवला असतात. म्हणून चारचौघांत लिहितोय.

आमच्या मंडळानं शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' धरलं तेव्हा गावात नाकं मुरडली गेलीच. उत्सवाला संगीत नाटक हवं, नाहीतर ऐतिहासिक. ही रोमची भानगड रात्रभर कोण बघणार? आत मंडळात भांडण निराळं. अँटनी सगळ्यांना हवा होता, ब्रूटस कुणालाच नको, आणि गर्दीत उभं राहायचं म्हटल्यावर आपल्या गावात जो तो घरी काम काढतो. पण तिसऱ्या अंकात सीझरच्या खुनानंतर आधी खुन्यांपैकी ब्रूटस आणि मग सीझरचा मित्र अँटनी लोकांपुढे बोलतो, तो भाषणांचा प्रवेश गर्दीवाचून उभाच राहत नाही. तुम्ही प्रॉम्प्टिंगची वही हातात घेतलीत आणि म्हणालात, "गर्दी म्हजेकडेन दी."

ॲरिस्टॉटलनं सांगितलेली मन वळवण्याची तीन साधनं मी पोरांना आधीच समजावली होती: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. पोरांनी माना डोलावल्या आणि संवाद होते तसेच म्हटले. तुम्ही उभा जन्म कोर्टात कारकुनी केलेली. तुम्ही गर्दीला बाकांवर बसवलंत आणि विचारलंत, "ह्या ब्रूटसानं पुरावा काय दिला?"

काहीच नाही! 'माझ्या अब्रूकडे बघून माझ्यावर विश्वास ठेवा' इथूनच तो सुरुवात करतो. सीझरवर माझं प्रेम कमी नव्हतं, रोमवर जास्त होतं, म्हणतो. मग प्रश्न: गुलाम व्हायला आवडेल असा नीच तुमच्यात कोण आहे? असला तर बोलू दे. आता यावर हात कोण वर करणार? वकील साक्षीदाराला असंच कोंडीत धरतात, हे तुम्ही त्यांची नक्कल करून दाखवलंत. सीझर महत्त्वाकांक्षी होता हा आरोप तेवढा आहे, दाखला एकही नाही. तरी भाषण चालतं. लोक खूश होऊन ओरडतात, 'यालाच सीझर करा!' ज्यानं सीझर नको म्हणून खून केला त्यालाच हे ऐकवायचं. आमच्या पोराला ते वाक्य थट्टेनं टाकायचं होतं. तुम्ही त्याला ते मनापासून, आनंदानं म्हणायला लावलंत. प्रयोगात ब्रूटसचा चेहरा त्या वाक्याला पडला, तो त्यामुळेच.

ब्रूटसकडे बुद्धी आणि अँटनीकडे भावना, असं परीक्षेत लिहितात. तुमच्यामुळे मला ते पटेनासं झालंय. पुरावे अँटनीच मांडतो: कैद्यांच्या खंडणीनं सरकारी तिजोरी भरली, गरिबांसाठी सीझर रडला, मुकुट तीनदा नाकारला. प्रत्येक मुद्द्यानंतर 'आणि ब्रूटस तर सन्मान्य माणूस आहे'. हे पालुपद दर वेळी उपहासानं म्हणायची अँटनीला हौस. पहिल्या खेपेला अगदी खरं वाटेल असं म्हण, हे तुम्ही त्याच्याकडून घोटून घेतलंत. शब्द तोच राहतो, फिरते ती गर्दी.

आणि तो झगा. अँटनी सीझरचा रक्तानं भरलेला झगा उचलतो आणि बोट ठेवून सांगतो, इथून कॅशियसचा खंजीर गेला, हे कास्काचं, इथं लाडक्या ब्रूटसनं भोसकलं; सगळे कटातलेच. तालमीत सगळे गुंग झाले होते. तुम्ही वही मिटलीत आणि ओरडलात, "हो मनीस थंय नासलोच मरे!" खरंच की. आदल्याच प्रवेशात, खुनाच्या आधी, कटातला ट्रेबोनियस अँटनीला बाजूला घेऊन जातो. कुठलं भोक कुणाचं, हे त्याला कळणार कसं? तोच झगा सीझरनं गॉलमधल्या नर्व्ही टोळीला हरवलं त्या संध्याकाळी पहिल्यांदा घातला, असंही तो आठवून सांगतो. नंतर मी चाळून पाहिलं: ती लढाई इ. स. पू. 57ची, आणि अँटनी गॉलमध्ये सीझरकडे गेला तो त्यानंतर काही वर्षांनी. ऐकीव साक्ष, तीही अशी ठणठणीत. त्या दिवसापासून आमचा अँटनी बोट ठेवण्याआधी क्षणभर जागा शोधायला लागला. सबंध नाटकात मला सर्वांत आवडलेली गोष्ट ती.

सीझरच्या मृत्युपत्राचंही तसंच. 'वाचा, वाचा' म्हणून लोक ओरडतात, तो ताणून धरतो. आणि अखेर खुन्यांची घरं जाळायला धावतात तेव्हा मृत्युपत्र विसरून धावतात. त्यालाच परत बोलवावं लागतं. मग सीझरनं लोकांना ठेवलेली माणशी 75 द्राख्मा नाणी आणि टायबर नदीकाठच्या बागा. पैशाचं शेवटी का सांगतो, असं एकीनं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "आधी सांगितलं असतं तर लाच वाटली असती."

वेळ वाचवायला आम्ही सिना कवीचा प्रवेश कापणार होतो. कटातल्या एकाचं आणि याचं नाव सारखं म्हणून जमाव भलत्याच माणसाला फाडतो, तो. तुम्ही अडून बसलात, ते बरं झालं. भाषणांचं बिल तिथं फाटतं.

फोंड्याच्या कला मंदिरात पुन्हा प्रयोग करायचं घाटतंय. या खेपेला दुसऱ्या अंकावर बसायचंय. सीझरच्या बायकोला, कॅल्पर्नियाला, पडलेलं रक्ताचं स्वप्न कटातला डेशियस चुटकीसरशी शुभ करून टाकतो आणि सीझरला घराबाहेर काढतो. आमचा डेशियस अजून साखर विकणाऱ्यासारखा बोलतो. बुधवारी संध्याकाळी देवळाच्या सभागृहात वाचन आहे. न्यायला पोरगा स्कूटर घेऊन येईल. वही आणा.

आपला,
मंडळाचा दिग्दर्शक