सूचना : लॅपटॉपवरील कॅलेंडर कार्यालयाच्या सर्व्हरशी जुळते ठेवण्याबाबत

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, कार्यालयाचे सामाईक कॅलेंडर सर्व्हरवर कॅलडॅव्ह (सर्व्हर व लॅपटॉपवरील कॅलेंडर जुळते ठेवण्याची) पद्धतीने ठेवलेले असून थंडरबर्ड हा ईमेल व कॅलेंडरचा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी ते नेटवर्कवरील कॅलेंडर म्हणूनच जोडावे. काही सदस्य आयसीएस फाइल (कॅलेंडरमधील नोंदींची फाइल) उतरवून ती आयात करतात. परंतु ती केवळ त्या क्षणाची प्रत असते, आणि पुढे बैठकीची वेळ बदलली तरी लॅपटॉपवर जुनीच वेळ दिसत राहिल्याने एकाच सभागृहाच्या दारात दोन गट येऊन उभे राहतात. हे सहज टाळता येण्याजोगे आहे, म्हणून ही कळकळीची विनंती.

थंडरबर्ड मूळ मांडणीत दर ३० मिनिटांनी सर्व्हरवरील बदल घेते, त्यामुळे बाहेर पडण्यापूर्वी कॅलेंडर एकदा स्वतः सिंक करून घ्यावे. प्रवासात नेट नसतानाही नोंदी दिसाव्यात यासाठी ऑफलाइन सुविधा सुरू ठेवावी. मात्र त्या काळात केलेली नोंद सर्व्हरवर पोहोचेपर्यंत इतरांना दिसत नाही, हे ध्यानात घेऊन तातडीचा बदल फोनवरूनही कळवावा.

सामाईक कॅलेंडरमधील नोंद पुसल्यास ती सर्वांच्याच लॅपटॉपवरून नाहीशी होते. त्यामुळे दुसऱ्याने केलेली नोंद त्यांना विचारल्याशिवाय कृपया काढू नये.