तात्यांची चावी

देवगड, २८ जून

प्रिय विन्या,

आईची शुगर गोळ्यांवर ठीक आहे, माझी पाठ आहे तशीच. तब्येतीचं एवढंच. फोनवर सांगायला घेतलं की तू मधेच 'थांब रे, दुसरा कॉल येतोय' म्हणतोस, म्हणून लिहितोय. तात्यांबद्दल आहे. दुसऱ्या कुणाला सांगून त्यातलं निम्मंही पोचणार नाही.

अण्णांच्या आंब्याच्या धंद्याच्या वह्या सांभाळणाऱ्या तात्यांना खुब्याच्या ऑपरेशननंतर ऑफिसचा जिना जमत नाही. त्या जिन्याला कठडा लावा म्हणून अण्णांच्या मागे आपण कॉलेजात असल्यापासून लागलो होतो. फेब्रुवारीत, आता धंदा चालवणाऱ्या सुषमावहिनींनी मला बोलावलं. हंगाम तोंडावर आलेला, हिशेबाला नवा पोरगा, आणि त्याला वाशी बाजाराच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, लागेनात. तात्यांना घरबसल्या टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बघता येईल का, असा प्रश्न होता. तात्या म्हणाले, "माका तेतला काय कळणा नाय, पण वही माझ्या हातात व्हयी." मग मला नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

कणकवलीच्या एका दुकानदाराने वहिनींना आधीच सल्ला देऊन ठेवला होता: राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरचं दार, उघडा, रिमोट डेस्कटॉप (दुरून मशीन चालवायची सोय) थेट बाहेरून चालेल, दहा मिनिटांचं काम. माझं डोकंच तापलं. अण्णांच्या केबिनमधलं मशीन अजून विंडोज सातवर आहे. २०१९ साली त्याच रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचं भगदाड सापडलं, पासवर्डही न लागता आत शिरता येत होतं, आणि मायक्रोसॉफ्टला सोडून दिलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढावा लागला. वहिनींना एवढंच म्हटलं की सगळ्या बागायतदारांचे हिशेब रस्त्यावर मांडायचे असतील तर मला बोलावू नका. त्याऐवजी व्हीपीएन घालू म्हटलं, म्हणजे इंटरनेटमधून फक्त आपल्या माणसांसाठी काढलेला बंद बोगदा. त्या लगेच समजल्या. फक्त 'व्हीपीएन बेकायदा झालंय ना?' असं विचारलं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश त्यांच्या कानावर आला होता. त्यातली व्हीपीएनची अट लोकांना व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी आहे, ऑफिसने आपल्या माणसांसाठी घातलेल्याला ती लागत नाही, हे सांगितल्यावर काम सुरू झालं.

व्हीपीएन म्हणून वायरगार्डच घातलं. हो, तुझं ओपनव्हीपीएन नाही! कुडाळच्या त्या भांडणात तू टेबलावर हात आपटून म्हणाला होतास, 'कालचं पोर आहे ते.' विन्या, मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्यातच, गेलं. कोड चार हजार ओळींच्या आसपास, म्हणजे एक माणूस बसून वाचू शकेल इतका. आणि ज्याची चावी, म्हणजे मशीनची ओळख पटवणारी अक्षरं, ओळखीची नाही त्याला ते उत्तरच देत नाही. बाहेरून पोर्ट चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. या बाबतीत मी मागे हटणार नाही, तू गणपतीत येऊन वाटेल तेवढा वाद घाल.

पण आधी इंटरनेटचा लाइनवालाच आडवा आला. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता बघतो तर १०० ने सुरू होणारा. सीजीनॅट. एका सार्वजनिक पत्त्यामागे सगळी गिऱ्हाइकं, मग ५१८२० पोर्ट आपल्या राउटरवर कितीही वळवा, बाहेरून येणारं पाकीट तिथवर पोचणारच कसं? दरमहा जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला एकट्याचा कायमचा पत्ता, घेतला. मग बोगदा उभा राहिला, हँडशेक (दोन्ही टोकांची ओळख पटल्याची खूण) दिसला, आणि तरी तात्यांच्या लॅपटॉपवरून ऑफिसचं मशीन लागेना. ऑफिसात १९२.१६८.१ ने सुरू होणारी पत्त्यांची मालिका, तात्यांच्या घरच्या राउटरवरही तीच. लॅपटॉप ऑफिसचं मशीन शोधायचा तो तात्यांच्याच माजघरात, आणि त्या नंबरवर होता नातवाचा टीव्हीचा डबा. ऑफिसची मालिका बदलून १९२.१६८.५७ केली, प्रिंटरला नवा नंबर दिला, तेव्हा मार्गी लागलं. तुला हे वाचून हसू येईल, हस.

टॅलीचा डेटा बोगद्यातून थेट उघडायचा नाही हे मात्र मी पहिल्यापासून ठरवलं होतं. इथे वीज जाते तशी लाइन जाते, आणि लिहिता लिहिता तुटली की डेटा खराब. म्हणून तात्या बोगद्यातून ऑफिसातल्या आपल्याच टेबलावरच्या मशीनवर येतात. घरी येतं ते फक्त चित्र, वही ऑफिसातच राहते. पहिल्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला, स्क्रीनवर आपलं टेबल बघितलं आणि काकूंच्या फोटोकडे वळून म्हणाले, "बघ गो, हापिसात पोचलंय." मी बाहेर पडवीत जाऊन उभा राहिलो.

अख्खा हंगाम तात्यांनी सांभाळला. पाडव्यापासून मे संपेपर्यंत एक पट्टी तुंबली नाही.

आता खरी गोष्ट. या महिन्याच्या सुरुवातीला विजांचा मोठा पाऊस झाला. पहाटे उठून बॅकअप नीट झालाय का बघायला मी सर्व्हरवर गेलो, सोबत वायरगार्डची स्थिती उघडली. ते नावं दाखवत नाही हे तुला माहीत आहे, नुसत्या चव्वेचाळीस अक्षरांच्या चाव्या. तात्यांची मी सुरुवातीच्या अक्षरांवरून ओळखतो. तिच्याखाली शेवटचा हँडशेक तीन तासांपूर्वीचा. म्हणजे रात्री दोनच्या सुमाराला तात्या ऑफिसात! वाटलं, लॅपटॉप उघडा राहिला असेल. दुसऱ्या रात्री पाहिलं, तेच. नुसता उघडा नाही, डेटाचा आकडाही चांगला वाढलेला. काकू गेल्यापासून झोप नाही, बसत असतील जुन्या वह्या चाळत, त्यात काय, असं मी स्वतःला समजावलं.

मग वहिनींचा फोन, की वाशीची एक पट्टी दोनदा चढलीये आणि नवा पोरगा 'मी नाही' म्हणतोय. त्याला त्या भरपूर बोलल्या होत्या. मी टॅलीचा एडिट लॉग उघडला, कुणी केव्हा काय लिहिलं ते त्यात दिसतं. एक नोंद संध्याकाळी साडेसहाची, एक रात्री पावणेतीनची, दोन्ही तात्यांच्या नावावर. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता, सगळं त्यांच्या त्या घोटीव भाषेत, दोन्हींत एकही काना कमीजास्त नाही. वाटलं, लाइन तुटली असेल, पहिली चढली की नाही ते कळलं नसेल. पण लाइन तुटली तरी ऑफिसातलं मशीन चालूच राहतं, नोंद जागेवर दिसतेच. तरी मी यूपीएसचा लॉग काढला. त्या रात्री वीज गेलीच नव्हती.

आणि त्याच्याच खाली आणखी एक नोंद होती. शिरगावच्या बाबल्याला आठवड्याची मजुरी, रोख.

बाबल्याला खांदा आपण दोघांनी दिला होता, विन्या.

तेव्हापासून हे एकट्याच्या डोक्यात घेऊन फिरतोय. वहिनींना एवढंच सांगितलं की पोराची चूक नाही, त्याला बोलू नका. 'मग कुणाची?' म्हणाल्या. बघून सांगतो म्हटलं. किती दिवस बघणार? वहिनी माणूस चांगली आहे, पण धंदा त्यांना चालवायचाय, दोन्ही दीर पै-पैचा हिशेब विचारतात. खरं सांगितलं तर त्या मला चावी काढायला सांगतील, आणि त्यांचंही चुकणार नाही. काढणं म्हणजे कॉन्फिगमधून दोन-तीन ओळी पुसायच्या. दुसऱ्या दिवशी तात्या आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसतील (घरी असूनही ते रोज तसेच बसतात) आणि दार उघडणार नाही. माझ्या हातून ते होणं नाही.

दुसरी वाट मी शोधलीये. त्यांच्या नोंदी ऑप्शनल व्हाउचर म्हणून घ्यायच्या. त्या दिसतात, पण पक्क्या केल्याशिवाय हिशेबात धरल्या जात नाहीत. सकाळी वहिनींनी बघून पक्क्या करायच्या. पण हे त्यांच्या नकळत करायचं का? ज्या माणसाने आपल्याला जमा आणि नावे शिकवलं, खाडाखोड दिसली तर अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं, त्याच्या वहीवर चोरून नजर ठेवायची? मला ते पटत नाही. त्यांना समोर बसवून सांगायला हवं, आणि ते तूच सांगू शकतोस. माझं ते ऐकून घेतील. तुझं मानतील. फाउंटन पेन त्यांनी तुला दिलं होतं, मला नाही, आणि त्यावरून मी तुझ्याशी अख्खा मे महिना बोललो नव्हतो. आज त्याचा उपयोग होऊ दे.

इथल्या डॉक्टरांना नाव न घेता विचारलं. म्हणाले, लगेच वाईटच धरू नका. बी-१२ कमी असेल, थायरॉइड असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील तरी म्हाताऱ्या माणसाला विसर पडतो, आधी रक्त तपासा. म्हणजे तपासणीला न्यायला हवं, आणि तात्या डॉक्टरचं नाव काढलं की कसे बसतात ते तू जाणतोस.

तुझ्या बदलीचं काय झालं? सईची दहावी म्हणजे घरात कर्फ्यू असेल, तिला आशीर्वाद. फ्लॅटचा ताबा मिळाला की कळव.

गणपतीपर्यंत थांबू नकोस. एखाद्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने नीघ, कणकवलीला मी बाइक घेऊन येतो. तोवर तात्यांना फोन कर, संध्याकाळी सातनंतर, तेव्हा ते एकटे असतात. हिशेबाचं काही काढू नकोस. बाबल्याबद्दल सहज विचार आणि काय म्हणतात ते मला सांग. त्यावरून वहिनींशी काय बोलायचं ते मी ठरवेन.

तुझा,
मन्या