पोकळी ओतणाऱ्या बाईंबद्दल छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रेचल व्हाइटरीड या ब्रिटिश शिल्पकार बाईंवर आपल्या पुरवणीत एकदा तरी सविस्तर लेख येऊ द्या, बेळगावात तो वाचणारे भरपूर निघतील. आपल्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) वाळूचा कोर, म्हणजे साच्याच्या आतला गाभा, टाकतात तो कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून, नंतर तो फोडून काढायचा, या बाई बरोब्बर उलटं करतात, पोकळीच ओततात. खुर्चीखालची जागा, गादी, आंघोळीचा टब, काही सोडलं नाही! १९९० च्या 'घोस्ट'मध्ये अख्ख्या खोलीतली हवा प्लास्टरमध्ये उतरवली, शेगडीच्या जागेवर काजळीसुद्धा तशीच चिकटून आलीय. १९९३ ला लंडनमध्ये पाडायला काढलेलं आख्ख्या घराच्या भिंतींवर आतून काँक्रीटचा थर मारला आणि बाहेरच्या भिंती काढून टाकल्या, टर्नर प्राइज हे ब्रिटनमधलं कलेचं मोठं बक्षीस मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई, आणि त्याच दिवशी तिथल्या कौन्सिलनं ते काँक्रीटचं घर पाडायचं ठरवलं, जानेवारी ९४ ला पाडलंही. फार वाईट वाटतं.

शहापुरात, खडेबाजारात जुनी घरं पडतायत, कोनाडे दिव्याच्या काजळीसकट ढिगाऱ्यात जातायत. एखादा कोनाडा तरी प्लास्टरमध्ये ओतून ठेवा की! साचा करणारे हात इथंच आहेत, चित्रकलेच्या पोरांना त्यांच्याजवळ बसवा, आपल्या पेपरनं पुढाकार घ्यावा ही कळकळीची विनंती.

एक वाचक, शहापूर, बेळगाव