पक्ष्यांच्या घरट्यांसाठी लाकडी पेट्या लावणाऱ्या काकांना आणि त्यांच्या शनिवारच्या मंडळींना

आदरणीय काका,
सा. न.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. शनिवारी तुमच्याबरोबर येणाऱ्या सगळ्यांसाठीही ते आहे. त्यांतल्या ज्यांना मराठी येत नाही त्यांना तुम्ही ते समजावून सांगालच. फक्त तुमच्याबद्दलचा भाग गाळू नका.

दफनभूमीमागच्या कुरणात यंदा ब्लूबर्डच्या जोडीनं दुसरी वीणही नीट वाढवली. ब्लूबर्ड 1970 पासून न्यूयॉर्कचा राज्यपक्षी आहे, पण इथे इतकी वर्षं राहून मी तो फक्त शुभेच्छापत्रांवर पाहिला होता. पाठीवरचा तो निळा रंग आणि छातीवरचा विटकरी खऱ्या उन्हात कसा दिसतो, ते तुमच्यामुळे कळलं.

या पक्ष्याला स्वतःची ढोली कोरता येत नाही, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत. सुतार पक्ष्यानं सोडलेली ढोली किंवा कुंपणाच्या कुजक्या लाकडी खांबातलं भोक, एवढाच त्याला आसरा. वठलेली झाडं तोडली गेली, लाकडी खांबांच्या जागी लोखंडी आले, आणि उरल्यासुरल्या ढोल्यांवर बाहेरून आणलेल्या पक्ष्यांनी हक्क सांगितला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्लूबर्ड इतके कमी झाले होते की अनेकांनी ते उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. ते परत आले त्यात साध्या माणसांचा मोठा वाटा आहे. 1930च्या दशकात इलिनॉयमधल्या क्विन्सी गावच्या मसलमन यांनी रस्त्याच्या कडेनं पेट्यांची रांग लावली आणि 'ब्लूबर्ड ट्रेल' ही कल्पना रुजली. 1978 मध्ये लॉरेन्स झेलेनी यांनी नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी उभी केली. हे सगळं मला तुमच्या गॅरेजमध्ये, लाकडाच्या भुशात उभं राहून ऐकायला मिळालं.

त्या गॅरेजबद्दल तर मी पानंच्या पानं लिहीन. आमची चौथीतली लेक तिथे पहिल्यांदा आली तेव्हा तुम्ही तिच्या हातात पॉलिश पेपर नाही दिलात, मोजपट्टी दिलीत. भोक दीड इंचाचंच हवं, कारण त्यातून स्टार्लिंग, म्हणजे बाहेरून आणलेला, ढोल्या बळकावणारा पक्षी, आत शिरू शकत नाही. फळी सीडरची, आतून रंग नाही. तळाच्या चारही कोपऱ्यांत पाणी निथळायला जागा, छपराखाली हवेसाठी फट. भोकाखाली आतल्या बाजूनं आडव्या खाचा, म्हणजे पिल्लांना नखं रोवून वर चढता येतं. बाहेर बसायची दांडी अजिबात नाही, कारण ब्लूबर्डला ती लागत नाही आणि त्रास देणाऱ्यांना मात्र सोयीची पडते. दुकानात मिळणाऱ्या गोजिरवाण्या पक्षीघरांना बहुतेक वेळा दांडी असते. लेक आता दुकानात गेली की प्रत्येक पेटीपाशी थांबते आणि विक्रेत्यांना हे ऐकवते.

मग खांब. झाडावर पेटी ठोकायची नाही, मोकळ्या गवतात लोखंडी खांब रोवायचा आणि पेटीखाली पत्र्याचं रुंद नळकांडं अडकवायचं, म्हणजे रॅकूनसारखे चढणारे प्राणी आणि साप वर चढू शकत नाहीत. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे जोडपेट्या. पंधरा-वीस फुटांवर दोन पेट्या लावल्या की एकीत ट्री स्वॉलो राहतो (हा आपल्या भिंगरीच्या गोतावळ्यातला). तो दुसऱ्या ट्री स्वॉलोला जवळ फिरकू देत नाही, पण ब्लूबर्ड शेजारी चालतो. दोघांचीही सोय होते. दोन्ही पक्षी इथलेच आहेत, एकाला घर देताना दुसऱ्याचं काढून घ्यायचं नाही, हे तुमचं म्हणणं मला फार पटलं.

पण काका, ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसले ती चिमणीची.

दीड इंचाच्या भोकातून चिमणी आरामात जाते. इथे ती बाहेरची आहे. 1850च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनमध्ये माणसांनी सोडलेल्या चिमण्या देशभर पसरल्या. तिला पेटी हवी असली की ती ब्लूबर्डची अंडी फोडते, पिल्लं मारते, आत बसलेल्या मादीलाही सोडत नाही. त्या वसंतात शाळेजवळच्या पेटीत मादी मेलेली सापडली तेव्हा लेक तुमच्या शेजारीच उभी होती. आणि ही तीच चिमणी आहे, जिच्यासाठी साताऱ्याला लेकीची आजी गच्चीत पाण्याचं भांडं आणि मूठभर तांदूळ ठेवते, जिच्यासाठी आजीच्या सोसायटीत 20 मार्चच्या चिमणी दिनाला लाकडी घरटी टांगली गेली. आजीच्या चिमण्यांना घर द्यायचं आणि इथल्या चिमण्यांचं काढून टाकायचं, हे तिला काही केल्या जुळेना. रडून लाल झाली होती.

तुम्ही तिला बाकावर बसवलंत आणि काहीही लपवलं नाहीत. चिमणीचा यात दोष नाही, तिला इथे आणलं माणसांनी. कायद्यानं इथल्या ब्लूबर्डच्या अंड्यांना संरक्षण आहे, चिमणीच्या नाही, म्हणून तिचं घरटं पेटीतून काढता येतं आणि आम्ही ते पुन्हा पुन्हा काढतो. नाही काढलं तर आपण पेट्या चिमण्यांसाठीच बांधल्या असं होईल. साताऱ्यात आजी करते ते बरोबर आणि इथे आम्ही करतो तेही बरोबर, असं तुम्ही म्हणालात. वर हेही सांगितलंत की हे काम तिला नको असेल तर तिनं करू नये. त्यानंतर ती चिमणीच्या घरट्याला हात लावत नाही, पण पत्रकात नोंद तिच्याच अक्षरात असते. ब्लूबर्डचं पहिलं अंडं दिसलं की पेटीवर चमकत्या पट्ट्या लावायचं कामही तिनं मागून घेतलं. चिमणी त्यांना बिचकते, ब्लूबर्ड बिचकत नाही.

लहान मुलीला इतक्या सरळपणे उत्तर देणारी मोठी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. मलाही तेव्हाच कळलं की पेटी लावणं हा या कामाचा सोपा भाग आहे. दर आठवड्याला पावसात, चिखलात जाऊन पेटीवर टकटक करायची, दार हळूच उघडायचं, गवताच्या वाटीत फिकट निळी अंडी किती ते बघायचं आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या नेस्टवॉचला, म्हणजे घरट्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या उपक्रमाला, कळवायचं. पिल्लं बारा-तेरा दिवसांची झाली की मात्र दार उघडायचं नाही, नाहीतर ती वेळेआधीच बाहेर उड्या घेतात. लोक पेटी विकत घेऊन अंगणात लावतात आणि विसरतात. तुमची मंडळी विसरत नाहीत.

खांब रोवायला आपली कडा मोकळी ठेवणारे शेतकरी, भर उन्हात खड्डे खणणारी हायस्कूलची मुलं, गाडी नसलेल्यांना फेरीला नेणाऱ्या त्या शिक्षिकाबाई, या सगळ्यांचीही मी ऋणी आहे.

यंदा हिवाळाभर तुम्ही आणि काकू साताऱ्याला असाल. फेब्रुवारी संपता संपता नर ब्लूबर्ड जागा बघायला लागतात, त्याआधी जुनी घरटी काढून पेट्या साफ व्हायला हव्यात, ही काळजी तुमच्या बोलण्यात दोनदा आली. ती सोडा. आम्ही पेट्या आपसांत वाटून घेतल्या आहेत, शाळेजवळची आमच्या घराकडे आहे. मोडक्या बिजागऱ्यांची यादी लेकीनं केली आहे. गॅरेजची किल्ली शेजारी ठेवून जा, आणि ड्रिलचं ते दीड इंची बिट कुठल्या खणात आहे तेवढं जाण्याआधी सांगा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
शाळेजवळच्या पेटीवाली आई